अक्षता अजून पडायच्यात

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं : नोकरी आणि ऑफिस

या वेळी तीन पत्रं घेतलीत. तिन्ही इंदूरचीच, आणि गंमत म्हणजे तिघंही एकाच खड्ड्यात तीन बाजूंनी पडलेत. पहिल्या पत्राचं उत्तर जरा जास्तच लांबलंय, संपादकांनी कात्री लावली नाही तर तसंच वाचा.

प्रश्न १

ताई नमस्कार. मी दवा बाजारातल्या एका औषध वितरण कंपनीत बिलिंग आणि अकाउंट्स बघते, हाताखाली १४ जण आहेत. एप्रिलमध्ये आम्हाला हॉलमध्ये बोलावून सांगितलं की कंपनी मुंबईच्या एका मोठ्या ग्रुपनं घेतली, नवीन सॉफ्टवेअर येणार, सगळं काम देवास नाक्याच्या गोदामावर शिफ्ट होणार, पदं बदलणार, आणि सगळं "लवकरच". आता गणपती तोंडावर आले. जुने मालक केबिनमध्ये येऊन बसतात पण कशावर सही करत नाहीत, नवे साहेब फक्त व्हिडिओ कॉलवर दिसतात. साधी सुट्टी कुणी मंजूर करायची ते पण नक्की नाही. बिलं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पण टाकायची आणि नव्यात पण. खाली चहाच्या टपरीवर रोज नवी बातमी. एक चांगला मुलगा सोडून गेला, आमचे जोशीकाका, त्यांना इथे २६ वर्षं झाली, ते दिवसभर गप्प बसतात, आणि परवा एक मुलगी रडायला लागली, काय झालं विचारलं तर म्हणे, मॅडम काही झालं नाहीये म्हणूनच रडू येतंय. वरून मला मेसेज येतात की टीमचं मनोबल सांभाळा. मलाच काही माहीत नाही तर मी यांना काय सांगू? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

— सुदामा नगर, इंदूर

उत्तर

अगं, आधी त्या मुलीला माझ्याकडून एक प्लेट पोहे-जलेबी खाऊ घाल. "काही झालं नाहीये म्हणूनच रडू येतंय" हे तिनं जे सांगितलं ना ते भल्याभल्या सल्लागारांना तासभर बोलून सांगता येत नाही. माणूस वाईट बातमी पचवतो, रडतो, शिव्या देतो आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामाला येतो. पण बातमीच येत नाही तेव्हा रडायचं कशावर तेच कळत नाही.

तुमच्याकडे जे चाललंय त्याला नाव आहे. विल्यम ब्रिजेस नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते, त्यांनी नोकरीतल्या बदलांचे तीन भाग सांगितले, आधी जुन्याचा शेवट, मग मधला काळ, आणि मग नवी सुरुवात. त्यांचं म्हणणं असं की बदल एका तारखेला होतो, बोर्ड बदलला, सॉफ्टवेअर बदललं, झालं. पण माणसाच्या आत तो व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ म्हणजे हा मधला काळ. आता हे काही त्यांनी आकाशातून आणलं नाही, १९०९ मध्येच व्हान जेनेप नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं जगभरचे विधी बघून सांगितलं होतं की लग्न असो मुंज असो, माणसाला आधी जुन्यातून काढतात, मग काही काळ मधेच ठेवतात, आणि मग नव्यात घेतात.

पण आपल्याला फ्रान्सला जायची गरजच काय. आपल्याकडे हळद लागलेल्या मुलीला एकटीला घराबाहेर सोडत नाहीत. तिला काम सांगत नाहीत, करवली सारखी बरोबर, आत्या दर तासाला विचारते काही खाल्लंस का. का? कारण ती आता धड माहेरची नाही आणि सासरची तर नाहीच नाही. त्या दीड दिवसात ती काहीही विसरते, कशानेही रडते, आणि कुणी तिला म्हणत नाही की तुझा परफॉर्मन्स कमी झालाय. तुमच्या ऑफिसला एप्रिलमध्ये हळद लावली आणि वऱ्हाड निघून गेलं. अक्षता कधी पडणार ते कुणी सांगत नाही, आणि हळदीच्या अंगानं सगळ्यांना बाजारात कामाला पाठवलंय. मग काय होणार.

म्हणून पहिली गोष्ट, तुझी माणसं आळशी झाली असं वाटून घेऊ नकोस. मधल्या काळात चुका वाढतात, डोकेदुखीच्या रजा वाढतात, आणि जुनी भांडणं वर येतात, तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या बोनसवरून कोण काय बोललं होतं ते आत्ता आठवतं. हे सगळं होतंच.

दुसरी गोष्ट मी स्वतः केलेली चूक आहे, ती सांगते. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात पर्सोनेलला होते (तेव्हा एचआर म्हणत नव्हते), तिथे दोन प्लांट एक करायचं ठरलं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण कँटीनमध्ये सगळे माझ्याकडेच बघायचे, आणि एक दिवस मला ते बघणं सहन झालं नाही आणि मी म्हणून गेले की काळजी करू नका, कुणाचीही नोकरी जाणार नाही. प्रेमानंच म्हटलं हो. दोन महिन्यांनी नऊ जणांना काढलं. त्यातला एक जण हिशेब घ्यायला आला तेव्हा माझ्या टेबलासमोर उभा राहून काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघून हसला आणि पेन मागितलं सही करायला. ते हसणं मला अजून आठवतं. त्यानंतर तिथे मी खरं बोलले तरी कुणी धरत नव्हतं. तर "सगळं ठीक होईल" हे वाक्य तू तोंडातून काढायचं नाही, कितीही पोटात तुटलं तरी.

मग बोलायचं काय? "माहीत नाही" बोलायचं. पण वेळेवर. यातच सगळी मेख आहे. माहीत नाही असं कॉरिडॉरमध्ये कुणीतरी विचारल्यावर खांदे उडवून म्हटलं तर लोकांना वाटतं लपवतेय. तेच दर सोमवारी साडेदहाला, सगळे जमल्यावर, चहा हातात देऊन म्हटलं की "या आठवड्यात पदांबद्दल काही कळलेलं नाही, मी शुक्रवारी परत विचारलं होतं, उत्तर आलं नाही", तर लोक ऐकतात. पुढच्या प्लांटच्या वेळेला मी हे केलं. स्टोअरच्या भिंतीवर एक पांढरा बोर्ड होता, त्यावर तीन रकाने केले. पहिल्यात "ठरलं". दुसऱ्यात "ठरायचंय", आणि त्याच्यापुढे कोण ठरवणार आणि कधीपर्यंत कळेल. तिसऱ्यात "आपल्या हातात नाही". पहिल्या सोमवारी पहिल्या रकान्यात एकच ओळ होती, बसचा रूट तोच राहणार. लोक हसले. सहाव्या सोमवारी सांगण्यासारखं काहीच नव्हतं, मी मीटिंग रद्द करायला निघाले तर आमचे स्टोअरकीपर म्हणाले, मॅडम, काही नाही हे सांगायला तरी या ना. तेव्हापासून मी एकही सोमवार चुकवला नाही. आणि एक बघ, बोर्डावर पुसून लिहायचं नाही, खोडून लिहायचं, तारीख पुढे गेली तर जुनी तारीख खोडलेली दिसू दे. कंपनीनं तारीख तीनदा बदलली हे लोकांना कळलं तर कळू दे, तू बदलली नाहीस ना.

टपरीवरच्या बातम्या बंद होणार नाहीत, त्याच्या नादी लागू नकोस. फक्त सोमवारी विचार, या आठवड्यात खाली काय ऐकलंत? बोर्डावर चौथा रकाना काढ हवं तर. अर्ध्या अफवा मोठ्यानं वाचल्या की आपोआप मरतात, आणि उरलेल्या अर्ध्यांपैकी एखादी खरी निघते, ते पण कळतं.

आता तुझ्या धंद्यातलं. तारखा कुणी देत नाही म्हणतेस, पण काही तारखा दुसरीकडून काढता येतात. औषधांच्या होलसेलचं लायसन्स, ते २०बी आणि २१बी, ते जागेला धरून असतं. देवास नाक्याच्या जागेचं लायसन्स हातात आल्याशिवाय तिथून माल विकता येत नाही. तर मुंबईवाल्यांना "शिफ्टिंग कधी" असं विचारू नकोस, त्याला ते लवकरच म्हणतील. "नव्या जागेच्या लायसन्सचा अर्ज कधी भरला" असं विचार. भरलाच नसेल तर सोमवारी टीमला सांग की या महिन्यात कुणी हलत नाही. बघ किती जणांचा जीव खाली पडतो, कारण सुदामा नगर, राजेंद्र नगरकडून देवास नाका म्हणजे शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला, आणि कुणाच्या मुलाची शाळा सुटायची वेळ असते, कुणाची सासू एकटी असते, लोक या गोष्टींवर रात्री जागतात, पदावर नाही.

तसंच ते डबल बिलिंगचं. दोन्ही सॉफ्टवेअर काही दिवस बरोबर चालवणं चुकीचं नाही, बॅच नंबर, एक्सपायरी, ओपनिंग स्टॉक, पार्ट्यांची उधारी हे सगळं जुळतंय का ते बघायलाच हवं, नाहीतर नंतर कुणाच्या एक्सपायरीच्या रिटर्नची नोंद गायब झाली म्हणून मेडिकलवाले डोक्यावर बसतील. पण ते कधीपर्यंत हे लेखी माग. आणि स्विच करायची तारीख महिन्याच्या १ ची माग, मधली घेऊ नकोस. जीएसटीचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) ११ तारखेला आणि ३बी (कर भरायचं) २० तारखेला असतं (तुमचं मासिक असेल तर), त्या दिवसांत कुणी ट्रेनिंग लावलं तर नाही म्हण, स्पष्ट. आणि डबल काम चाललंय तोवर काहीतरी कमी कर. रोजचे तीन एमआयएस रिपोर्ट, म्हणजे साहेबांसाठीचे आकड्यांचे तक्ते, जातात ना वर? एक महिना दोन बंद करून बघ, कुणी विचारतं का. माझा अंदाज, नाही विचारणार.

सुट्टी कुणी मंजूर करायची, खर्चाचं व्हाउचर कुणी पास करायचं, जुन्या गिऱ्हाइकाला सूट कुणी द्यायची, असल्या चार-पाच गोष्टींचा एका पानाचा कागद तूच कर. वर लिही "पुढचं ठरेपर्यंत", खाली लिही ३० सप्टेंबरपर्यंत लागू, आणि दोन्हीकडच्या साहेबांना मेल कर की हरकत नसेल तर सोमवारपासून असं करतो. बहुतेक कुणी उत्तर देणार नाही, म्हणजे झालं मंजूर. तात्पुरता का होईना नियम लागतो गं. सिग्नल बंद असला तरी चौकात एक हवालदार उभा असला की ट्रॅफिक चालतो.

यावरून आमच्या आजोबांचं आठवलं. ते होळकर दरबारात कारकून होते. १९४८ मध्ये संस्थानं विलीन होऊन मध्य भारत नावाचं राज्य झालं आणि राजधानीच दोन, हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. होळकर गेले, ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख (म्हणजे राज्यपालासारखे) झाले, आजोबांना कळेना आपण आता कुणाचे. आठ वर्षं हे असंच चाललं, १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश होऊन भोपाळला बाड-बिस्तरा हलेपर्यंत. आमची आजी दर सहा महिन्यांनी एक पत्र्याची ट्रंक भरायची, त्यावर पांढऱ्या रंगानं आजोबांचं नाव, आणि खालची गावाची ओळ खडूनं, म्हणजे पुसता येईल. कुणाचे आपण ते शेवटपर्यंत कळलं नाही असं आजोबा म्हणायचे, पण ट्रंक कधी भरायची ते माहीत होतं ना, म्हणून आत्याचं लग्न पण त्याच काळात व्यवस्थित लागलं. तुझ्या लोकांना तसं खडूनं लिहिलेलं गाव दे. कायमचं नको, पण या सहा महिन्यांचं.

जोशीकाका. हे जरा हळू वाच. २६ वर्षं माणूस ज्या कामात मुरला ते काम संपतंय आणि त्याला कुणी संपतंय असं सांगितलं पण नाही. नवीन सुरू व्हायच्या आधी जुन्याला नीट निरोप द्यावा लागतो, तो तुमच्याकडे राहून गेला. आपल्या इंदूरच्या मिल बघ. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, कामगारांच्या थकलेल्या सुमारे २२४ कोटींचा मार्ग मोकळा व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, मधे ३२ वर्षं गेली, कितीतरी जण वाट बघत बघत गेले. आणि तरी अनंत चतुर्दशीला त्या मिलची झांकी, म्हणजे सजवलेला चित्ररथ, निघते. मालवा मिल, कल्याण मिल, राजकुमार मिल, सगळ्या बंद आणि सगळ्यांच्या झांक्या रस्त्यावर, रात्रभर शहर बघत उभं असतं. बाहेरचे लोक विचारतात बंद मिलची झांकी कशाला. मी म्हणते, बंद झाली म्हणूनच.

तर काकांना एक वही दे आणि सांग की जे कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही ते यात लिहा. कुठला मेडिकलवाला ३० दिवस म्हणून ५० दिवसांनी देतो पण देतो, कुणाचा चेक शनिवारी टाकायचा नाही, कोणाला फोन केला तर राग येतो म्हणून मुलालाच करायचा, कोणत्या गल्लीत पावसाळ्यात टेम्पो जात नाही. हे त्यांना गुंतवून ठेवायला म्हणून देऊ नकोस हां, त्यांना लगेच कळेल. नव्या लोकांना ते खरंच लागणार आहे, आणि मुंबईच्या साहेबांसमोर ती वही काकांनीच वाचून दाखवायची, तू नाही. जुनं सॉफ्टवेअर बंद करायच्या दिवशी शेवटचं बिल पण त्यांच्याच हातून काढ.

आणि उरलेल्यांना थोडं खेळू दे. मधल्या काळात एक बरं असतं, जुने नियम सैल झालेले असतात आणि नवे अजून घट्ट झालेले नसतात. एरवी "इथे असंच करतात" म्हणून जे दहा वर्षं चाललं ते आत्ता बदलून बघता येतं. ती रडणारी मुलगी आहे ना, तिला विचार की रिटर्नच्या कामात तिला सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो आणि तिच्या पद्धतीनं पंधरा दिवस करून बघ म्हण. चाललं तर तेच नव्या सिस्टीममध्ये घ्यायला सांगता येईल, नाही चाललं तर कुणाला कळणार आहे या गोंधळात.

वरचे लोक मनोबलासाठी एखादा मोटिव्हेशनवाला पाठवतील बहुतेक, गालाला माइक लावलेला, तो टाळ्या वाजवायला लावेल. वाजवा, समोसे खा, आणि परत या. त्यानं कुणाचं नुकसान होत नाही.

तुझं काय? तू सगळ्यांचं ऐकतेस आणि तुझं कुणीच ऐकत नाही, विहिरीत सगळ्यांनी बादल्या टाकल्या तर विहीर पण आटते. दुसऱ्या डिपार्टमेंटची एखादी तुझ्यासारखीच मधे अडकलेली असेल तिला गाठ, आठवड्यातून एकदा दोघी खाली जा, आणि तिथे तू हवी तेवढी रड. टीमसमोर "मला पण याचा त्रास होतोय" एवढं म्हटलंस तर चालतं, बरं वाटतं त्यांना. "आपलं काही खरं नाही" हे मात्र तिथे बोलायचं नाही, ते त्या मैत्रिणीकडे.

सोडून गेलेल्या मुलाचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्याला फोन कर आणि विचार कशामुळे गेला, आता तो खरं सांगेल.

प्रश्न २

ताई, मी पीथमपूरला एका इंजिनिअरिंग कंपनीत सुपरवायझर आहे, वय ५४. आमची कंपनी विकली जातेय असं सगळे म्हणतात, मॅनेजमेंट ना हो म्हणते ना नाही. ३१ वर्षांची नोकरी नव्या कंपनीत धरतील का? रात्री तीनला जाग येते आणि मग हिशेबच करत बसतो. बायको म्हणते बोलू नका कुणाशी, लिस्टमध्ये नाव येईल.

— लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर

काका, पहाटे तीनचा हिशेब कधीच बरोबर येत नाही, तो दुपारी तीनला करा, कागदावर.

एकच प्रश्न आधी विचारा, शेअर विकतायत की धंदा विकतायत. नुसते शेअर विकले तर मालक बदलतो पण तुमची कंपनी कायद्यानं तीच राहते, नोकरी आपोआप चालू. धंदा किंवा प्लांट दुसऱ्या कंपनीला दिला तर मात्र "सेवा सलग धरली जाईल आणि आधीपेक्षा कमी अटी नसतील" हे पत्रात हवंच. कामगार वर्गासाठी कायद्यातच तशी तरतूद आहे, सेवा सलग धरणार नसतील तर छाटणीसारखी भरपाई द्यावी लागते. सुपरवायझर त्यात बसतो की नाही हे पगार आणि प्रत्यक्ष काम बघून ठरतं, तेव्हा तुमचं अपॉइंटमेंट लेटर घेऊन एखाद्या कामगार कायद्याच्या वकिलाकडे एकदा जाऊन या, एक तासाची फी जाईल, झोप परत येईल. ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांच्या पगाराप्रमाणे मोजतात, शेवटचा महिन्याचा पगार (बेसिक, डीए वगैरे), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. ३१ वर्षं सलग धरली की तुटली यात किती लाखांचा फरक पडतो ते बघा, म्हणजे कशासाठी भांडायचं ते कळेल. पीएफचा यूएएन नंबर तोच राहतो, फक्त पासबुकात मागच्या वर्षीचे हप्ते भरलेत का ते आत्ताच बघून ठेवा. अपॉइंटमेंट लेटर, इन्क्रिमेंटची पत्रं, जुन्या पगाराच्या स्लिपा, सगळ्याच्या झेरॉक्स घरी.

बायकोचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. एकट्यानं जाऊन विचारू नका. आठ-दहा जण मिळून एक साधं पत्र द्या, भांडणाची भाषा नको, फक्त "आमची सेवा सलग धरली जाईल का हे लेखी कळावं". विचारणाऱ्यांची लिस्ट झाली तर दहा जणांची होईल.

आणि ५४ म्हणजे काही संपलं नाही. माझे मोठे दीर स्टेट बँक ऑफ इंदूरमध्ये होते, १९२० साली होळकरांच्या काळात सुरू झालेली आपली बँक, २६ ऑगस्ट २०१० ला स्टेट बँकेत विलीन झाली. तेव्हा त्यांना रिटायर व्हायला तीन वर्षं होती. रात्री जेवण झालं की कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला नवे कोड लिहून पाठ करायचे, शाळेतल्या पाढ्यांसारखे, आणि चुकले की जीभ चावायचे. कोड महिन्याभरात आले. फोन उचलल्यावर "नमस्कार, इंदूर बँक" म्हणायची सवय मात्र रिटायर होईपर्यंत गेली नाही, आणि गिऱ्हाइकं पण तेच म्हणायची.

प्रश्न ३

नमस्कार. आमचं सियागंजमध्ये किराणा होलसेलचं जुनं दुकान आहे, २२ माणसं. दुकानाचा अर्धा धंदा ऑनलाइन ऑर्डरवर न्यायचा विचार आहे, सहा-आठ महिने लागतील, कुणाला काय काम राहील ते अजून आम्हालाच नक्की नाही. बाबा म्हणतात पूर्ण ठरल्याशिवाय माणसांना एक शब्द सांगायचा नाही, उगाच घाबरतील आणि सोडून जातील. तुमचं मत काय?

— एक तरुण व्यापारी

उत्तर

तुमच्या मुनीमजींना माहीत आहे. पैज लावते. तुम्ही दोघं आत केबिनमध्ये ज्या दिवशी पहिल्यांदा लॅपटॉप उघडून कुणाशी तरी बोललात आणि चहा तीनच मागवला त्या दिवसापासून माहीत आहे, आणि हमालांना मुनीमजींकडून. फक्त त्यांना माहीत असलेलं तुमच्यापेक्षा वाईट आहे, कारण त्यात तुम्ही दुकान विकताय.

बाबांची भीती खोटी नाही, काही जण जातीलही. पण जो चांगला आहे त्याला दुसरीकडे काम लगेच मिळतं, म्हणून अंधारात ठेवलं की तोच आधी जातो. तुम्ही सगळं ठरेपर्यंत थांबणार आणि ठरेल तेव्हा ज्यांच्या जिवावर ठरवलं ते नसणार.

या महिन्यात सांगा. काय ठरलंय (ऑनलाइन सुरू करणार), काय नाही ठरलं (कोण काय करणार), ते कुठल्या तारखेपर्यंत ठरवणार, आणि तोवर कुणाच्या पगाराला हात लागणार नाही, हे शेवटचं मात्र खरंच पाळता येणार असेल तरच बोला. बाबांनीच बोलायचं, तुम्ही बाजूला उभे राहा. हिंदीत, मराठीत, ज्यात ते रोज बोलतात त्यात, कागद वाचून नको.

आणि त्याआधी एक दिवस मुनीमजींना एकट्याला घरी जेवायला बोलवा आणि त्यांना पहिल्यांदा सांगा. ते म्हणतील, मला माहीत होतं. त्यांना तसं म्हणू द्या.